शंकररावांनी न वाचलेले प्रश्न

प्रत्येक माणूस कशाचा ना कशाचा तोरा मिरवतो. शंकरराव सोनोने यांना तोरा होता वाचनाचा. वाचन म्हटलं की आपल्याला टेबल, कपाट आणि विद्वत्ता आठवते. इथे तसलं काही नव्हतं. शंकरराव आठवी पास, आणि वाचलेल्यातलं किती समजतं असं कुणी विचारलं तर सरळ हात वर करत. त्यांना यायचं ते मोठ्याने वाचणं. परदेशीपुरा या मिलवस्तीतल्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जायचा, आणि तो वाचायचा मान कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होता. विहाराला लाउडस्पीकर मिळाला तेव्हा त्यांनी तो हाताने बाजूला सारला. मागच्या सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही त्यांचा शब्द न् शब्द पोचत होता, मग त्या डबड्याची गरज काय!

त्यांचा एक नियम होता. वाक्य कितीही लांब असो, ते एका दमात वाचायचं. पूर्णविराम आल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. ही शिकवण वडिलांची. वडील महूच्या छावणीत शिपाई होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. साहेबांच्या बंगल्यावरून आलेली जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं ते पोराला अंगणात उभं करून वाचायला लावत. अर्थ त्यांनाही समजत नसे. पण वाक्य मध्ये तुटलं की पाठीत धपाटा बसे. वाक्य तोडलं की ऐकणारा उठून जातो, असं त्यांचं म्हणणं. अशा रीतीने शंकररावांना इंग्रजी वाचता येऊ लागलं आणि इंग्रजी येईना, ते शेवटपर्यंत.

एवढा आवाज घेऊन हा माणूस उभा राहिला कुठे, तर मिलच्या कार्डिंग खात्यात, जिथे कापूस पिंजून त्याचे पेळू निघतात. तिथे मशीन चालू झालं की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. हवेत कापसाची तुसं अशी भरलेली की पाळी संपल्यावर भुवया पांढऱ्या. मिलकडून गूळ मिळायचा. गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरते, असं सगळे मानत. शंकररावांनी मनोभावे गूळ खाल्ला. वीस-बावीस वर्षं खाल्ला.

मग मिल बंद झाली. त्या काळात देशाचा बाजार मोकळा झाला असं पेपरात रोज छापून यायचं. परदेशीपुऱ्यातून पाहणाऱ्याला मोकळं दिसत होतं ते फक्त मिलचं आवार. फाटकाला कुलूप, भोंगा गप्प, आणि माणसं सकाळी सवयीने फाटकापर्यंत जाऊन परत यायची. शंकररावांचा कार्डिंगमधला जोडीदार मालोजी याने चौकात पोह्यांची गाडी लावली. शंकरराव आग्रा-मुंबई रस्त्यावर नव्याने उघडलेल्या टाइल्सच्या शोरूमवर चौकीदार झाले. गुळगुळीत फरशांवर बायका चपला काढून चालत आणि शंकरराव दार उघडून धरत. दारात सेल्यूट ठोकताना त्यांना वडील आठवत आणि मेल्याहून मेल्यासारखं होई.

या सगळ्यात त्यांनी एकच मोठी उडी मारली. मुलगी संबोधी बारावीला चांगली पास झाली होती, पण इथल्या मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. तेवढ्यात शहरात एक कन्सल्टन्सी उघडली. रशियाच्या बाजूच्या कुठल्याशा देशात डॉक्टर करून देतो म्हणाली. शंकररावांनी महूतलं वडिलांचं घर विकलं आणि पोरीला बर्फात पाठवलं. शेजारपाजारच्यांनी वेड्यात काढलं. सहा वर्षांनी संबोधी डॉक्टर होऊन परत आली तेव्हा हेच शेजारी हार घेऊन स्टेशनवर हजर होते.

हार सुकायच्या आत नवा नियम लागू झाला. परदेशातून शिकून आलेल्यांनी आधी इथली परीक्षा पास करायची, मग डॉक्टर म्हणवून घ्यायचं. परीक्षा दिल्लीला, वर्षातून दोन वेळा. तोवर संबोधी सोनोने ही फक्त संबोधी सोनोने. सकाळी ती पाटनीपुऱ्यातल्या एका नर्सिंग होममध्ये रजिस्टर लिहायची आणि दुपारी घरी येऊन स्वयंपाकाला लागायची. आनंदी, म्हणजे तिची आई, दुपारभर शिवणाच्या मशीनवर असे. घर त्या दोघींवर चाललं होतं, कारण शंकररावांनी शोरूमची नोकरी मागच्याच वर्षी सोडली होती. फरशा कापायच्या धुळीने खोकला येतो, असं त्यांनी सांगितलं होतं. विहारातलं वाचनही त्यांनी त्याच वर्षी सोडलं. घसा बसतो, आता नव्या पोरांना वाचू द्या, असं म्हणून ग्रंथ खाली ठेवला. केवढा मनाचा मोठेपणा, असं लोक म्हणाले. खरी गोष्ट अशी होती की वाक्याच्या अर्ध्यातच त्यांचा श्वास संपायला लागला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आनंदीला तर नाहीच.

संबोधीने परीक्षेसाठी दिल्लीहून एक पुस्तक मागवलं. हजारो प्रश्न, प्रत्येकाखाली चार उत्तरं आणि शेवटी कुठलं बरोबर ते. तिच्यासारखे परत आलेले सगळे त्याच पुस्तकाच्या मागे लागले होते. पण तिचं शिक्षण झालेलं रशियनमध्ये. इंग्रजी वाचताना ती अडखळायची, वैतागायची. त्यात वेळ कुठला? एक दिवस ती पोळ्या लाटता लाटता पुस्तक डब्याला टेकवून वाचायचा खटाटोप करत होती, तेव्हा शंकरराव उठले आणि पुस्तक उचललं.

“तू लाट. मी वाचतो.”

“बाबा, यात मेडिकलचे शब्द आहेत. तुमची जीभ वळेल तरी का?”

“महूत मी मेजरसाहेबांचा पेपर वाचायचो,” शंकरराव म्हणाले आणि दारातल्या उजेडात स्टूल ओढून बसले. दुपारी वीज नसायचीच.

असं ते सुरू झालं. कित्येक महिन्यांत शंकररावांना पहिल्यांदा वाटलं की आपण या घरात फुकट बसलेलो नाही. रोज जेवणाआधी ते तोंड धुऊन, केस विंचरून स्टुलावर बसायचे, जणू विहारातच निघालेत. चालीवर वाचायचे. “ऑल ऑफ द फॉलोइंग आर ट्रू अबाउट...” एवढं म्हणेपर्यंत आतून आवाज यायचा, “डी.”

“अगं, पुरा तर होऊ दे!”

“झालं ना बाबा. डीच आहे. पुढला.”

शंकरराव शेवटचं पान उलटून पाहत. डीच असायचं. त्यांची छाती फुगायची. बोलताना ती दुखायची तो भाग वेगळा. एक प्रश्न तर त्यांना फार आवडायचा, कारण त्यात त्यांना समजणारा एक शब्द होता. “मंडे फीवर इज सीन इन वर्कर्स ऑफ...” आणि पोळी तव्यावर पडायच्या आत संबोधी म्हणायची, “कॉटन. सी.” शंकरराव हसायचे, खोकायचे आणि पुढच्या प्रश्नाला बोट लावायचे. दुसऱ्या फेरीतही तसंच, तिसऱ्या फेरीतही तसंच. मधल्या खोकल्याकडे तिघांपैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही. तो घरातला जुना आवाज होता, शिवणाच्या मशीनसारखा.

शंकररावांनी ही फुशारकी मालोजीच्या गाडीवर रोज मारली.

“भिया, पूरा सवाल ऐकतच नाही पोरगी. आधाच ऐकते अन् जवाब फेकते.”

“अरे वाह!” मालोजी शेव भुरभुरत म्हणाला. “मग दिल्लीवाले पेपर काढायच्या आधीच जवाब देऊन टाकेल. तू काय टेन्शन घेतो, शंकरभिया? डॉक्टरची पाटी रंगवायला दे.”

आता जे सांगायचं ते शंकररावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पुस्तकात दर धड्याच्या शेवटी काही पानं लांब प्रश्नांची होती. त्यांत एखादा माणूस असायचा. त्याचं वय, तो काय काम करतो, त्रास कधीपासून, आधी काय झालं, मग काय झालं, रक्तात काय सापडलं. पाच-पाच, सात-सात ओळी, आणि पूर्णविराम कुठे तर खाली पार टोकाला. पहिल्याच आठवड्यात एकदा संबोधी यायच्या आधी शंकररावांनी त्यातला एक वाचून पाहिला. दुसऱ्या ओळीवर छाती आवळली. तिसऱ्या ओळीवर डोळ्यांपुढे काळोख आला. पुस्तक मांडीवर ठेवून ते बराच वेळ दाराची चौकट धरून बसले. विहारात सगळ्यांना गप्प करणारा त्यांचा आवाज अर्ध्या पानापुढे हरला होता.

वाक्य तोडून, तीनदा थांबून वाचलं असतं तरी कुणी फाशी देणार नव्हतं. पण ते त्यांच्या मनातही आलं नाही. तोडून वाचायचं असेल तर वाचायचंच नाही, ही बालपणापासूनची शिस्त. संबोधी आली तेव्हा त्यांनी बोटाला थुंकी लावून ती पानं एकदम उलटली आणि पुढच्या धड्याचा छोटा पहिला प्रश्न वाचला. मग दर धड्याला तेच. परीक्षेच्या आधी तिने विचारलं, “बाबा, पुस्तक पूर्ण झालं ना?”

“झालं. दोनदा झालं. तिसरी फेरी चालू आहे,” शंकरराव म्हणाले.

तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? विहारात ज्या माणसाने कधी ओळ गाळली नाही, तो घरात पानं गाळेल असं तिला कशाला वाटेल!

संबोधी दिल्लीला जाऊन आली. शंकरराव तिला आणायला स्टेशनवर गेले होते. पूल चढायचा नव्हता म्हणून फलाटाच्या तोंडाशीच थांबले. तिचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, पोरगी प्रवासाने थकली आहे. घरी पाणी प्यायल्यावर एवढंच म्हणाली, “पेपर वेगळाच होता.”

“वेगळा म्हणजे? दुसऱ्या विषयाचा दिला का?” आनंदीने विचारलं.

“विषय तेच गं. आपल्या पुस्तकात कसं, एक शब्द दिसला की कळतं काय विचारलंय. मंडे म्हटलं की कॉटन. तिथे तसा शब्दच सापडत नव्हता. माणूस यायचा. अमुक वर्षांचा माणूस, त्याला असं होतं, तसं होतं. मला शेवटापर्यंत वाचायला वेळ लागायचा, अन् वाचून झालं की सुरुवात डोक्यातून जायची. असे प्रश्न मी सोडवलेच नव्हते, आई. एकदम ब्लँक.”

शंकरराव खाटेच्या कडेवर बसले होते. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि पुन्हा घातली.

निकाल लागला. संबोधी नापास झाली. फार खाली नव्हती, काठावरून गेली होती. ते जास्त वाईट, कारण काठावरून गेलेल्या माणसाला एकेक प्रश्न आठवत राहतो. दोन दिवस ती नर्सिंग होममध्ये गेली आणि आली, जेवली आणि झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या तोंडून आपोआप निघालं, “एक प्रश्न जात नाही माझ्या डोक्यातून. सोपा होता. मी दमा लिहून आले, पण दमा नव्हता तो.”

“काय होतं?” आनंदीने सहज विचारलं. तिच्या हातात ब्लाउजची बाही होती.

“एक माणूस. पंचावन्नच्या आसपासचा. आता काही करत नाही. आधी सूत काढायच्या कारखान्यात होता. चार पावलं चाललं की दम लागतो. कामावर असताना त्याला कसं व्हायचं, की सुट्टी करून आला की पहिल्या दिवशी छाती आवळायची, अन् दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरी व्हायची. मग हळूहळू रोजच आवळायला लागली. यावरून रोग ओळखायचा.”

आनंदीचं मशीन थांबलं.

“यात ओळखायचं काय? हे तुझे बाबा आहेत,” ती म्हणाली. “दर सोमवारी हेच नाटक. छाती भरली, छाती भरली. मी म्हणायचे, रविवारी मित्रांसोबत बसून येता त्याची ही छाती. किती भांडलेय मी त्यावरून! अन् यांचंच नाही हं. मालोजीचंही तसंच. साऱ्या खात्याचंच.”

संबोधीने बापाकडे पाहिलं. शंकरराव दारात स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर चढलेले. ती परत आल्यापासून ते असेच बसत होते. तिला वाटायचं, ही बाबांची फौजी ऐट आहे. आता तिला दिसलं की श्वास घेण्यासाठी हा माणूस खांदे उचलतो आहे.

तिने फळीवरून पुस्तक काढलं. छातीच्या रोगांचा धडा उघडला. पुढची पानं पिठाने, हळदीच्या बोटांनी मळलेली होती, कोपरे दुमडून मऊ झाले होते. धड्याच्या शेवटची पानं मात्र कोरी करकरीत. तिथेच होता, सात ओळींचा सूतगिरणीतला मजूर. दिल्लीच्या पेपरातल्या माणसाचा सख्खा भाऊ. तिने दुसरा धडा उघडला. तिसरा उघडला. सगळीकडे शेवटची पानं तशीच.

“बाबा, हे आपण केव्हा केलं?”

शंकररावांना खोटं बोलायचं होतं, पण त्यालाही श्वास लागतो. ते म्हणाले, “नाही केलं.”

“पण तुम्ही म्हणालात दोनदा झालं.”

“वाचवत नव्हतं गं. लांब होते. मध्येच दम जायचा.” ते थांबले. “तुला वाटलं असतं, बाप एवढंही करू शकत नाही. म्हणून पान उलटायचो. मीच नापास केलं तुला.”

आनंदीने तोंडाला पदर लावला. एरवी एवढ्यावर तिने नवऱ्याची खरडपट्टी काढली असती. संबोधीला राग आला होता, तो तिच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. सहा वर्षं बर्फात काढून, रशियनमध्ये घोकून, परत येऊन रजिस्टर लिहिणाऱ्या मुलीला राग येऊ नये का? ती उठली आणि आत गेली. शंकररावांना वाटलं, आता ही आपल्याशी बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

ती परत आली ती स्टेथोस्कोप घेऊन. परदेशातून आल्यापासून तो ट्रंकेत पडला होता. तिने बापाचा सदरा वर केला. या घरात येऊन इतके महिने झाले होते आणि बापाच्या पाठीला तिने आज पहिल्यांदा हात लावला होता. तिने बराच वेळ ऐकलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. शंकरराव शाळेतल्या मुलासारखे सांगेल तसा श्वास घेत होते, सांगेल तसा सोडत होते.

“आजवर डॉक्टरला दाखवलं का?”

“दाखवलं ना. दोन-तीनदा. सगळे दमाच म्हणाले.”

“काय काम करायचा, ते विचारलं कुणी?”

“नाही. मी चौकीदाराच्या ड्रेसमध्येच जायचो.”

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, “मी पण नाही विचारलं. तुम्ही रोज माझ्या कानाशी वाचून सांगत होता. मंडे फीवर, मंडे फीवर. अन् मी म्हणत होते, सी. पुढला.”

“बरोबर होतं की उत्तर,” शंकरराव म्हणाले. ते तिची समजूत घालत होते. मग त्यांना एकदम आठवलं, “अन् इलाज? तोही असेल ना पुस्तकात?”

इलाजाचा प्रश्नही पुस्तकात होता, छोटा होता, आणि शंकररावांनी तो अनेकदा वाचला होता. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, एवढंच. संबोधीने तो त्यांना मराठीत सांगितला. मजुराला कापसाच्या धुळीपासून दूर करणे. वेळेत केलं तर माणूस सुधारतो. उशीर झाला तर मग फारसं काही हातात उरत नाही.

शंकरराव हसू लागले.

“अरे, वो तो कभी का कर दिया!” ते म्हणाले. “कुलूप लावूनच दूर केलं. अख्ख्या मिलचा इलाज एका दिवसात केला!” हसता हसता खोकला लागला आणि खोकला थांबेना. आनंदी पाठ चोळत राहिली. संबोधी पाणी आणायला उठली आणि आत जाऊन तिथेच माठापाशी रडली.

त्यानंतर घरातल्या वाचनाची रीत बदलली. आता पुस्तक संबोधीच्या हातात असायचं आणि ऐकायला शंकरराव. ती लांब प्रश्न मोठ्याने वाचायची, अडखळत, तोडत, आणि मग त्याचं मराठी करून बापाला सांगायची. सांगता सांगता तिचं तिलाच उमजायचं. रविवारी सकाळी मालोजी आपल्या खात्यातल्या एकेकाला धरून आणायचा. काय त्रास आहे, कधीपासून, आधी काय व्हायचं, असं ती प्रत्येकाला विचारायची. माणसं आधी धडधडीत खोटं बोलायची. मला काही नाही, थंडी आहे, वय झालं. पुस्तकातला माणूस कधी खोटं बोलत नाही, इथले सगळे बोलायचे. मालोजीने तर तासभर मस्करीत घालवला आणि जाताना उंबऱ्यावरून वळून म्हणाला, “बेटा, खरं सांगू? गाडी चौकापर्यंत ढकलायला आता मी हातगाडीवाल्याला पैसे देतो. मुझसे धकती नहीं.” संबोधी वहीत लिहून घ्यायची. तिच्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं, आणि त्यांना औषध देण्याचा हक्कही अजून तिला नव्हता.

शंकरराव मात्र खचत गेले. त्यांनी पाय आवरते घेतले. आधी चौक बंद झाला, मग गल्लीचं टोक, मग विहार. वर्षावास सुरू झाला तेव्हा संध्याकाळी लाउडस्पीकरवरून नव्या पोराचं वाचन ऐकू यायचं. तो वाक्याच्या मध्ये कुठेही थांबायचा. शंकरराव उशांच्या ढिगाला टेकून ऐकायचे. पूर्वी त्यांनी अशा वाचणाऱ्याला हाकलून दिलं असतं. आता म्हणायचे, “तो थांबतो अन् कुणी उठून जात नाही. पाहा.”

संबोधी पुन्हा दिल्लीला गेली, पुन्हा आली. या वेळी ती रिक्षातून उतरून सरळ बापाच्या खाटेशी बसली आणि म्हणाली, “माणसंच माणसं होती पेपरात.” चांगलं की वाईट, ते तिने सांगितलं नाही. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

निकालाचा कागद आला त्या दुपारी तिघंही घरी होती. संबोधीने पाकीट दारातच फोडलं. डोळे एकदा वरून खाली गेले. तिने तो कागद शंकररावांच्या हातात दिला आणि त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या नाकावर ठेवला. इंग्रजीत एकच वाक्य होतं, लांबलचक, सरकारी. कुणाची मुलगी, कुठला क्रमांक, कुठल्या तारखेची परीक्षा, कुठल्या नियमाखाली, आणि काय झालं ते अगदी शेवटच्या शब्दात.

शंकररावांनी वाचायला सुरुवात केली. “दिस इज टु सर्टिफाय दॅट...” नावापर्यंत आले आणि श्वास संपला. त्यांनी मान खाली घातली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“अगं, तू सांग ना! पास की नापास?” आनंदी कळवळून म्हणाली.

संबोधीने हात वर करून आईला थांबवलं. आतून डी, सी ओरडणारी ती मुलगी बापासमोर मांडी घालून बसून राहिली. शंकररावांनी पुन्हा श्वास घेतला, दोन शब्द वाचले, पुन्हा थांबले. बाहेर गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. परत श्वास, परत तीन शब्द. आयुष्यात त्यांनी एवढं तुटलेलं वाक्य कधी वाचलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, मग लाज वाटायलाही दम उरला नाही. ऐकणाऱ्या दोघींपैकी कुणी उठून गेलं नाही. असं करत करत ते शेवटच्या शब्दापाशी पोचले.

“पास्ड,” शंकरराव म्हणाले. हा शब्द त्यांना समजत होता.

आनंदी मोठ्याने रडली. शेजारच्या बाया काय झालं म्हणून धावत आल्या आणि पेढे आणायला मालोजीला हाका मारायला लागल्या. त्या गलक्यात शंकररावांनी मुलीचा हात ओढून तिला जवळ घेतलं.

“पहिलं औषध माझं लिही.”

“बाबा, अजून इंटर्नशिप आहे. मग नोंदणी. आत्ता मला लिहिता येत नाही.”

“साध्या कागदावर लिही. दुकानात कोण नेतंय? तू लिही, मी वाचतो.”

संबोधीने वहीतलं एक पान फाडलं. वरती लिहिलं, शंकरराव सोनोने. त्याखाली वय. त्याखाली, आजवर कुठल्याही डॉक्टरच्या कागदावर कुणी लिहिलं नव्हतं ते, कार्डिंग खातं, कापड मिल. मग तिचं पेन औषधाच्या जागी आलं आणि तिथेच राहिलं. दारातल्या बायांनी ओवाळायचं ताट केलं, मालोजी पेढे घेऊन धापा टाकत आला, तरी पेन तिथेच होतं.

शंकररावांनी तिच्या हातातून तो कागद काढून घेतला, चष्मा सरळ केला आणि होतं तेवढं वाचलं. नाव, वय, काम. ते एका दमात वाचून झालं.